लिस्बनचा कोप

1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. आम्ही वसईचे कॅथलिक आजही त्या दिवशी मिस्साला शांती करणाऱ्यांना धन्य म्हणणारं शुभवर्तमान ऐकतो. लिस्बनची चर्चेसही त्या सकाळी भरलेली होती. साडेनऊच्या सुमारास भूकंप झाला, मग समुद्र आत घुसला, मग आग. हा देवाचाच कोप, आधी पश्चात्ताप करा, असं जेझुइट मालाग्रिदांनी 1756 मध्ये पुस्तिका काढून बजावलं. शहर उभारू पाहणाऱ्या मंत्री पोंबालला ते खपलं नाही. 1761 मध्ये इन्क्विझिशनने दोषी ठरवलेल्या म्हाताऱ्या मालाग्रिदांना गळा आवळून मारण्यात आलं. (तेव्हा इन्क्विझिशनचा प्रमुख पोंबालचाच भाऊ!)

अन्यायावर कधीच न रागावणारा देव मलाही नको. पण सिलोहाच्या कोसळलेल्या बुरुजाखाली मेलेले अठरा जण इतरांहून पापी नव्हते, असं येशूने स्वच्छ सांगितलं होतं. आणि त्याच दमात ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायलाही. मालाग्रिदांनी त्यातलं दुसरंच तेवढं उचललं.