शनिवारवाड्यापुढली मंडई

आमच्या घरात, माझ्या लहानपणी, पिशवी घेऊन भाजीला कोणी निघाले की आजी त्याला हटकून विचारी, "वाड्यावर चाललास का रे?" आम्ही जात असू ते शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईत, आणि पुण्यात नुसता 'वाडा' म्हटले म्हणजे तो शनिवारवाडाच. तेव्हा भाजीचा आणि पेशव्यांच्या वाड्याचा संबंध काय, हा प्रश्न आम्हा मुलांस पडे. पुढे एकदा आजीनेच त्याचा उलगडा केला. हा शब्द तिचा नव्हता. तो तिच्या सासूबाईंचा, म्हणजे आमच्या पणजीचा होता. पणजी आठ-दहा वर्षांची असताना आईचे बोट धरून ज्या मंडईत जाई ती शनिवारवाड्यापुढल्या उघड्या पटांगणात भरत असे. पुढे मंडई तेथून उठली आणि तिच्यासाठी गावात मोठी इमारत झाली. परंतु पणजीच्या तोंडचा शब्द काही जागचा हलला नाही. सुनेने तो सासूपासून उचलला आणि मूळ बाजार नाहीसा झाल्यावरही शंभर वर्षे तो आमच्या घरात नांदला.

राजवाड्यांस आणि देवळांस इतिहासकार मिळतात. बाजारास तो सहसा मिळत नाही. आणि बाजार उघड्यावरचा असेल तर त्याच्या मागे दगडही उरत नाही. आज शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे राहिले असता बाजीरावांचा अश्वारूढ पुतळा दिसतो, फिरावयास आलेली माणसे दिसतात; येथे एके काळी सबंध शहराची भाजी विकली जात होती हे सांगणारी एकही खूण दिसत नाही. त्या नाहीशा झालेल्या मंडईची, आणि तिच्या जागी दुसरी उभारताना पुण्यात जो मतभेद झाला त्याची, हकीकत वाचकांपुढे ठेवावी एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

थोरल्या बाजीरावांनी शनिवारवाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला आणि दोन वर्षांनी, १७३२ च्या जानेवारीत, वास्तुशांत केली. पेशवाई चालू होती तोवर वाड्यापुढले मोकळे अंगण हे स्वारीशिकारीचे, मुजऱ्यांचे आणि पहाऱ्यांचे स्थान होते. १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुढे १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्यास आग लागली, ती आठवडाभर धुमसत राहिली, आणि आतील दिवाणखाने जळून गेले. उरला तो तट, बुरूज आणि दरवाजे. धनी गेला, घर जळाले आणि अंगण तेवढे राहिले. अशा अंगणात लोकांनी बाजार मांडावा ह्यात नवल नाही. नगररचनेच्या कोणा शास्त्रज्ञाने ही जागा निवडली नव्हती. शहराच्या मध्यभागी, नदीच्या जवळ, चारी वाटांनी येण्यास सोयीची अशी ती मोकळी जागा होती, एवढेच पुरेसे होते. ज्या दरवाजातून एके काळी हत्ती बाहेर पडत, त्याच्यासमोर वांग्याचे ढीग आणि मेथीच्या जुड्या आल्या.

ह्या बाजाराची वाढ कशाने झाली हेही पाहिले पाहिजे. १८५८ साली आगगाडी पुण्यास पोचली आणि मुंबईकडील मालाची व माणसांची ये-जा वाढली. १८६९ साली सुरू झालेले खडकवासल्याच्या धरणाचे काम १८७९ च्या सुमारास पुरे झाले, आणि त्याच्या कालव्यांचे पाणी पुण्याच्या पूर्वेकडील जमिनीस मिळू लागले. जेथे पावसाच्या भरवशावर बाजरी होत असे तेथे बागाईत शक्य झाले. शहरात तोंडे वाढत होती आणि शिवारात भाजी वाढत होती. दोघांची गाठ पडावयाची ती वाड्यापुढल्या मैदानात. त्या मैदानात ऊन डोक्यावर आणि चिखल पायाखाली. जमिनीवर गोणपाट अंथरावे, त्यावर माल मांडावा, शेजारी तागडी ठेवावी आणि दिवस काढावा, असा तो व्यवहार. आजी सांगे की पणजीला त्या मंडईची आठवण होती ती दोन गोष्टींची: पावसाळ्यात नऊवारीचा काठ भिजून जाई ही एक, आणि माळणी लहान मुलीच्या हातावर कोवळी काकडी फुकट ठेवीत ही दुसरी.

पहिली आठवण नव्या मंडईच्या पुरस्कर्त्यांस उपयोगी पडली असती. त्यांचे म्हणणे चुकीचे होते असे नव्हे. खाण्याचा जिन्नस धुळीत आणि चिखलात विकला जाऊ नये, विक्रेत्यास छप्पर असावे, सांडपाण्यास वाट असावी, नासका माल वेळेवर उचलला जावा, हे सर्व योग्यच होते. मुंबईस क्रॉफर्ड मार्केट उभे राहून काही वर्षे झाली होती, आणि पुण्यासारख्या शहरास तशी इमारत असावी ही इच्छा नगरपालिकेच्या सभासदांस व्हावी हे स्वाभाविक होते. तेव्हा १८८२ च्या सुमारास लाखांच्या घरातील खर्चाची एक भव्य मंडई बांधण्याचा बेत नगरपालिकेपुढे आला.

ह्या बेताला ज्यांनी विरोध केला त्यांत प्रमुख होते जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षे ते नगरपालिकेचे सभासद होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, गावातील गोरगरिबांची मुले शाळेवाचून राहिली असता एवढी रक्कम दगडाविटांत घालणे योग्य नव्हे. ती शिक्षणाकडे लावावी.

कोणी म्हणेल की हे एका हट्टी सुधारकाचे बोलणे झाले. ज्याला बाजाराची अडचण ठाऊक नाही त्याला इमारत अनाठायी वाटणारच. परंतु वस्तुस्थिती अगदी उलट आहे. जोतीराव जातीने माळी. त्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यामुळे 'फुले' हे नाव पडले, आणि हे घराणे पेशव्यांस फुले पुरवीत असे असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे. मांजरीच्या बाजूस त्यांनी स्वतः शेती केली होती. शिवाय ते इमारतकामाचे कंत्राटदार होते. दगड, चुना आणि मजुरी ह्यांचा हिशेब नगरपालिकेत त्यांच्याइतका क्वचितच कोणास कळत असेल. मंडईत बसणारा, मंडईस माल पुरविणारा आणि मंडई बांधणारा ह्या तिघांचीही बाजू जाणणारा मनुष्य 'मंडई नको, शाळा हवी' असे म्हणत होता, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या विरोधाचे वजन कळत नाही.

ह्याच १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. सरकारी महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस मिळतो, अशी त्यांची तक्रार होती. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी त्यांची मागणी होती. पुढील वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. शहरात माल घेऊन आलेला शेतकरी जकात आणि दलाली ह्यांच्या कात्रीत सापडून जवळजवळ रिकाम्या हाताने घरी कसा परततो, हे दुःख त्या ग्रंथात आहे. हे तीन प्रसंग एकत्र ठेवून पाहिले म्हणजे मंडईस त्यांनी केलेला विरोध हा एक सुटा प्रसंग राहत नाही. भाजी विकणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर आले तरी त्याच्या पाटीतील माल कोण किती भावाने नेतो, हिशेबाचा कागद त्याला वाचता येतो की नाही, हा प्रश्न छपराने सुटत नाही, असे त्यांस वाटत असले पाहिजे. हे शब्द माझे आहेत. पण त्यांच्या लेखनाचा रोख हाच आहे.

हा विरोध टिकला नाही. कर्नल वॉल्टर ड्युकाट ह्यांनी आराखडा केला, वासुदेव बापूजी कानिटकर ह्यांनी बांधकाम केले, आणि ५ ऑक्टोबर १८८६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे ह्यांच्या हस्ते मंडईचे उद्घाटन झाले. तिचे नाव 'रे मार्केट' पडले. मध्ये उंच अष्टकोनी मनोरा, त्याच्या भोवती पसरलेले कौलारू छपरांचे पाख, गॉथिक वळणाच्या कमानी, असे तिचे रूप आहे. पुण्याच्या जुन्या पेठांतील इमारतींत ही वास्तू आजही उठून दिसते. वाड्यापुढला बाजार उठला आणि ते अंगण पुन्हा मोकळे झाले.

ही इमारत वाया गेली, असे मात्र कोणासही म्हणता येणार नाही. मंडईच्या परिसरात नुसती भाजी विकली गेली नाही. तेथे गणेशोत्सव रुजला. १९२४ साली लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला, आणि त्याचे अनावरण पंडित मोतीलाल नेहरूंनी केले. गाळ्यांवरील मंडळी राजकारणावर इतक्या अधिकारवाणीने बोलत की काकासाहेब गाडगीळ ह्यांनी त्या सर्वांस 'मंडई विद्यापीठ' अशी पदवी दिली. मी स्वतः एका महाविद्यालयात पंचवीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन केले आहे. तरी ह्या दुसऱ्या विद्यापीठातील काही प्रश्नांस माझ्यापाशी उत्तर नसे, हे कबूल केले पाहिजे.

आता नावाची गोष्ट. १९२५ साली केशवराव जेधे ह्यांनी जोतीरावांचा पुतळा उभारण्याचा प्रस्ताव पुणे नगरपालिकेत आणला, तो संमत झाला नाही. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, १९३८ च्या सुमारास, रे मार्केटचे नाव बदलून महात्मा फुले मंडई ठेवण्यात आले. गव्हर्नराचे नाव जाऊन एका माळ्याच्या मुलाचे नाव आले, हे फार चांगले झाले. परंतु ज्या इमारतीस त्याने विरोध केला होता तिलाच त्याचे नाव दिले गेले, ही गोष्ट नामकरणाबरोबरच लोकांच्या स्मरणातून पुसून गेली. वर्गात मी दरवर्षी विचारीत असे, "ही मंडई कोणी बांधली?" निदान चार-पाच मुले तरी उत्तर देत, "महात्मा फुल्यांनी." त्यात मुलांचा दोष नाही. आपण त्यांस नाव दिले, त्यामागची हकीकत दिली नाही.

ह्या हकीकतीस अलीकडे आणखी एक जोड मिळाली आहे. मंडईपासून थोड्याच अंतरावर, बुधवार पेठेत, भिडेवाडा होता. तेथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई ह्यांनी मुलींची शाळा सुरू केली. तो वाडा वर्षानुवर्षे मोडकळीस येत गेला, त्याच्यावरून दावे चालले, आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी जागा मोकळी करण्याकरिता तो पाडण्यात आला. म्हणजे ज्या मंडईऐवजी शाळा काढा असे जोतीराव सांगत होते ती मंडई उभी आहे, आणि त्यांनी जेथे शाळा काढली ती वास्तू गेली. ह्याचा दोष आज कोणा एकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. १८८२ साली ज्या प्रश्नावर मतभेद झाला, तो प्रश्न आपण आपल्या परीने असा सोडविला आहे, एवढे मात्र आपण मनाशी कबूल केले पाहिजे.

मंडईची इमारत जपावी, ह्याविषयी माझे दुमत नाही. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, २०२४ साली मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले, आणि तरीही सकाळी तेथे ताजी भाजी मिळते, हे पुण्याचे भाग्य आहे. माझी सूचना लहानशीच आहे. दोन पाट्या बसवाव्यात. एक शनिवारवाड्यापुढे: येथे १८८६ पर्यंत शहराची मंडई भरत असे, अशी. दुसरी मंडईच्या दाराशी: ज्यांचे नाव ह्या वास्तूस दिले आहे त्यांनी ही रक्कम शाळांवर खर्च व्हावी असे सांगितले होते, अशी. त्याने जोतीरावांचा मान कमी न होता वाढेलच. आणि सार्वजनिक पैशाने काहीही बांधण्यास निघालेल्या पुढच्या पिढीस क्षणभर थांबून विचार करावयास ती पाटी उपयोगी पडेल.

आजी जाऊन आता बरीच वर्षे झाली. गेल्या आठवड्यात मंडईतून कोथिंबीर आणावयास निघालो असता माझ्या तोंडून सहज निघून गेले, "वाड्यावर जाऊन येतो." माझ्या मुलीने आश्चर्याने विचारले, "बाबा, वाड्यावर भाजी कुठे मिळते?" तिला त्या दिवशी जे सांगितले, तेच येथे लिहिले आहे.