काशीचे इंजिन आणि त्याचे गिअर

काशीस उतरलेल्या मराठी माणसाची पावले आपोआप ब्रह्माघाटाकडे, दुर्गाघाटाकडे वळतात. मडुवाडीहच्या बाजूस तो सहसा फिरकत नाही. वस्तुतः बदलीच्या हुकुमाबरोबर आपली बिऱ्हाडे ज्या डिझेल इंजिनांनी देशभर ओढली, त्यांपैकी बहुसंख्य तिथल्याच कारखान्यात जन्मली. अमेरिकेतील अल्को कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये हा कारखाना उभा राहिला आणि जानेवारी १९६४ मध्ये तेथून पहिले इंजिन बाहेर पडले. ते डब्ल्यूडीएम-२ जातीचे होते. त्याची शक्ती २६०० अश्वबल होती.

अश्वबलाचा आकडा सर्वांच्या तोंडी असतो. ते बळ चाकापर्यंत पोचते कसे, हे कोणी विचारीत नाही. खंडाळ्याच्या घाटात ट्रकचा ड्रायव्हर क्लच दाबून गिअर बदलतो, कारण डिझेल यंत्राला जागेवरून एकदम ओझे उचलता येत नाही. ते आपल्या ठरावीक फेऱ्यांतच जोर देते. हजारो टनांच्या मालगाडीपुढे असा क्लच जळून जाईल. म्हणून रेल्वेने निराळी युक्ती योजिली. डिझेल यंत्राने जनित्र फिरवावे, जनित्राने वीज द्यावी आणि त्या विजेवर आसांवरील सहा मोटारी चालाव्यात. यंत्र आणि चाक यांच्यामध्ये दांडा नाही, साखळी नाही. आहेत त्या केवळ तारा. मात्र गिअरची आठवण येथेही उरलीच. गाडी सुटताना मोटारी जोडीजोडीने एकसरीत जोडलेल्या असत, आणि वेग वाढला की त्या समांतर जोडल्या जात.

(द्रवशक्तीचाही एक मार्ग होता. मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याने तसे शक्तिवहन रचले, आणि चित्तरंजनच्या लहान शंटिंग इंजिनांत ते वापरले गेले. त्याची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे.)

जुन्या इंजिनाचे दुखणे त्या जनित्रातच होते. ते दिष्ट प्रवाहाचे असल्याने सारी वीज फिरत्या भागातून कार्बनच्या ब्रशांवाटे बाहेर काढावी लागे. ब्रश झिजत, ठिणग्या उडत, कम्युटेटर काळवंडे. शेडमधील कामगारांचे हात त्यातच गुंतलेले. शिवाय अशा जनित्राकडून किती शक्ती वाहून न्यावी यालाही मर्यादा होती. प्रत्यावर्ती प्रवाहाच्या अल्टरनेटरमध्ये मोठा प्रवाह स्थिर भागातच निर्माण होतो. परंतु तो दिष्ट करण्यास सिलिकॉनचे भक्कम डायोड हवेत, आणि ते मुबलक होण्यापूर्वीच काशीचा आराखडा ठरून गेला होता. खुद्द अल्कोने अमेरिकेत ही नवी पद्धत १९६५ मध्ये आणली.

पुढे काशीनेही ती स्वीकारली. ३१०० अश्वबलाचे डब्ल्यूडीएम-३ए इंजिन नव्याने बांधले गेले, आणि पतियाळाच्या कारखान्यात जुन्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांचीही तशीच पुनर्रचना होऊ लागली. सांगाडा तोच, चाके तीच. डिझेल यंत्र सुधारलेले आणि जनित्राच्या जागी अल्टरनेटर. माझ्या मते भारतीय रेल्वेतील शहाणपणाच्या दुरुस्त्यांत हिची गणना व्हावी. जे थकले होते तेवढेच काढले, आणि कामगारांच्या हाती असलेली विद्या वाया गेली नाही.

त्यानंतरचा प्रयोग अधिक धाडसी होता. २२ डिसेंबर १९१७ नव्हे, २०१७ रोजी काशीत दोन जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर सुरू झाले; शतकभराचा फरक सांगावा लागावा, इतके ते काम जुन्या लोहाराच्या वळणाचे होते. डिझेल यंत्र आणि अल्टरनेटर दोन्ही उचलून त्यांच्या जागी विद्युत सामग्री बसवली, छतावर पँटोग्राफ आला. ६९ दिवसांत जोड इंजिन तयार झाले. त्याची शक्ती १०,००० अश्वबल होती. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांनी त्यास हिरवा झेंडा दाखविला. वेग आणि कौशल्य निःसंशय कौतुकास्पद. तथापि अशी इंजिने थोडीच झाली. सांगाड्याखेरीज सारेच बदलायचे, तर नवे इंजिन का बांधू नये, हा प्रश्न हिशेबनिसाच्याच नव्हे, कारागिराच्याही मनात येतो.

काशीने उत्तर नव्या बांधणीच्या बाजूने दिले. २०१७ पासूनच तेथे नवी विजेची इंजिने बांधली जाऊ लागली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये कारखान्याच्या नावातील ‘डिझेल’ हा शब्द गेला आणि तो ‘बनारस रेल इंजन कारखाना’ झाला. पुढल्या वर्षी मडुवाडीह स्टेशनाचेही नाव बनारस झाले.