मायोसायटिस : स्नायूंची ताकद जाते कुठे?

उकिडवं बसलं की उठवत नाही, हंडा डोक्यावर घेताना हात वर जात नाहीत, असं काही आठवडे चाललं तर ‘ताकदीचं सलाईन’ लावून भागवू नका. मायोसायटिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर उलटते. डर्मॅटोमायोसायटिस प्रकारात स्नायूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्याही नष्ट होतात. ऑक्सिजन कमी पोचतो, एटीपी आणि फॉस्फोक्रिएटिन हा ऊर्जेचा साठा घटतो. मग चार पायऱ्यांतच मांड्या भरून येतात. हा आळस नव्हे, घरच्यांनीही समजून घ्यावं. रक्तातलं सीपीके बहुतेकदा वाढलेलं असतं. पूर्वी नुसती विश्रांती सांगायचे. आता देखरेखीखाली बेताचा व्यायाम देतात, त्याने पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता सुधारते. स्टिरॉइड मनाने एकदम बंद करू नका. गिळताना ठसका किंवा दम लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.