तबक, तबकडी आणि केसरबाईंची भैरवी

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सात-आठ कानसेन एका मित्राच्या दिवाणखान्यात जमतो. महिनाभरात जे ऐकलं त्यातलं एक आणायचं आणि सगळ्यांना ऐकवायचं, एवढाच नियम. एका रविवारी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी नुकतीच संपली होती. मित्र सुई उचलत म्हणाला, ‘तबकडी जपून दे रे,’ आणि नेमक्या त्याच वेळी वहिनी पानसुपारीचं तबक घेऊन आल्या. दोन्ही वस्तू माझ्या डोळ्यांसमोर हातोहात फिरत होत्या. तेव्हा मस्कतला पंचवीस वर्षं काढून आलेले एक गृहस्थ सहज बोलून गेले की, उडत्या तबकडीला अरबी लोकही ‘तबक’च म्हणतात: तबक ताइर, म्हणजे उडतं तबक. त्या दिवसापासून हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

हिंदीत उडन तश्तरी आणि मराठीत उडती तबकडी. इंग्रजीत जिथे साधी बशी होती तिथे आपण ‘उडती बशी’ म्हटलं नाही. हजार मैलांवरच्या अरबांनी आणि आपण, एकमेकांना न विचारता, एकच भांडं आकाशात उडवलं.

शब्द मूळचा अरबी. तोय, बे, काफ ही त्याची तीन अक्षरं. या धातूत एकावर एक बसण्याचा, थराचा, झाकणाचा अर्थ आहे. समाजाचा थर म्हणजे ‘तबका’ हा त्याचाच भाऊ. फारसीचं बोट धरून तबक मराठीत आलं आणि मग आपण त्याला ‘डी’ लावून धाकटं केलं, टांगेची टांगडी केली तसं.

इथे आमच्यातल्या तबलजींनी हरकत घेतली. त्यांच्या मते तबकडीचं कूळ तबल्यात आहे: तबल्याचं तोंड गोल, मधली शाई काळी, आणि रेकॉर्डही गोल आणि काळी. चित्र सुंदर आहे, पण टिकणारं नाही. तबला अरबी ‘तब्ल’वरून आला, त्याचं शेवटचं अक्षर लाम. अरबीत तीन अक्षरांतलं एक बदललं की घराणंच बदलतं. तबला आणि तबकडी आज एका बैठकीत शेजारी बसत असतील, पण नात्यातले नव्हेत. तबलजींना हे अजून पटलेलं नाही.

रेकॉर्डचा स्वतःचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे: 1877 मध्ये एडिसनचं नळकांडं, दहा वर्षांनी बर्लिनरची चपटी चकती, 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. या वस्तूला मराठीनं तबकडीच का म्हटलं? चकती म्हणता आलं असतं, ते आकाराला जास्त जुळतं. उत्तरेत तर तिला सरळ ‘तवा’ म्हणत.

माझं म्हणणं असं. तबकात कुणी जेवत नाही. जेवायला ताट आहे, चहाला बशी आहे. तबक असतं ते दुसऱ्यापुढे धरायला: औक्षणाचं तबक, हळदीकुंकवाचं, पानाचं, अत्तरदाणी-गुलाबदाणीचं. आल्यागेल्याचं स्वागत करणारं हे भांडं आहे. रेकॉर्डही सुरुवातीपासून एकट्यानं ऐकायची वस्तू नव्हती. फोनो एका घरात आणि श्रोते सगळ्या आळीचे. लहानग्या भीमसेन जोशींना घर सोडायला लावणारी करीम खाँसाहेबांची ती झिंझोटीतली ठुमरीही त्यांनी रेकॉर्डवरच ऐकली होती. मग जी वस्तू पाहुण्यांपुढे ठेवायची, तिला तबकाचं नाव मिळालं यात नवल काय?

या उपपत्तीला एक जबर प्रतिस्पर्धी आहे आणि तो भिंतीवर टांगलेला असतो. घड्याळाची तबकडी! तिच्यात स्वागत नाही की पानसुपारी नाही. आहे फक्त गोल, चपटा, काठ असलेला आकार. घरोघरी घड्याळं रेकॉर्डच्या आधी आली, तेव्हा नाव घड्याळाकडून रेकॉर्डकडे सरकलं असणार हे मला मान्य करावं लागतं. पण उधार घेतलेलं नाव टिकतंच असं नाही. हे टिकलं, आणि चकती मागे पडली, ते तबकाच्या अदबीमुळे, यावर मी ठाम आहे. उडत्या बशीचीही आपण तबकडी केली ती त्याच कानानं. चहाची बशी अंतराळात पाठवायला मराठी मन धजलं नाही.

‘ध्वनिमुद्रिका’ या भारदस्त शब्दाला मी बराच काळ कमी लेखत होतो. ती चूक होती. जुनी 78 फेऱ्यांची रेकॉर्ड लाखेची असे. आपल्याच जंगलांतल्या किड्यांची लाख, तिच्यात दगडाची पूड मिसळायची, तापवून मऊ करायची आणि वरून धातूचा ठसा दाबायचा. आता जुन्या खलित्यावरची मोहोर आठवा: तापलेली लाख, वरून दाबलेली मुद्रा. दोन्हींची कृती एकच! मुद्रिका म्हणजे ठशाची अंगठी. जो समोर नाही त्याची खूण. अशोकवनात मारुतीनं सीतेपुढे ठेवली ती हीच. पुढे विनाइलच्या एलपी आल्या आणि लाख गेली, शब्द मात्र राहिला. वस्तू कशी घडते ते मुद्रिका सांगते. तिचं लोक काय करतात ते तबकडी सांगते. म्हणून माझं मत अजूनही तबकडीला.

आणि माझा सगळ्यात मोठा पुरावा पृथ्वीवर नाही. 1977 मध्ये व्हॉयेजरच्या दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची तांब्याची तबकडी पाठवली गेली. परग्रहावर कुणी ऐकणारं असलंच तर त्यांना मानवजातीनं आपल्या आवडीचं काय ऐकवावं, हे कार्ल सेगन यांच्या चमूनं ठरवायचं होतं. हिंदुस्थानी संगीतासाठी रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं केसरबाई केरकरांची भैरवी सुचवली. रेकॉर्ड मिळता मिळेना. शेवटी चमूतल्या ॲन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर, एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. एका रसिकानं नाव सुचवायचं आणि दुसऱ्यानं शहर पालथं घालून ती मिळवायची, हा प्रकार आमच्या रविवारच्या मंडळींना चांगलाच परिचयाचा आहे.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई. रेडिओवर गायला त्या तयार नसत, ऐकायचं तर समोर येऊन ऐका असा त्यांचा खाक्या. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आज एका खऱ्याखुऱ्या उडत्या तबकडीवर आहे. त्याच तबकडीवर 55 भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत एक मराठी. सोबत सुई ठेवली आहे आणि ती कशी लावायची ते झाकणावर कोरलं आहे. व्हॉयेजर-1 निघालं 5 सप्टेंबरला. 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या.