आपला ताप स्वतःच सांगणारी तार : रंगूनची केबल, पिंपरीचे पेनिसिलिन आणि टायटॅनियमची कॉइल

चाकणच्या एखाद्या कारखान्यात ओव्हनचे तापमान पडद्यावर भलतेच दिसू लागले, की देखभाल विभागातील तंत्रज्ञ बहुधा आधी मल्टीमीटर हातात घेतो. तो तापमापकाच्या तारा सोडवतो आणि त्यांचा विद्युत रोध मोजतो. सकाळच्या २७ अंशांत मीटरने ११०.५ ओहमच्या आसपास आकडा दाखवला, तर तापमापक निर्दोष आणि बिघाड अन्यत्र. या तापमापकाला कारखान्यात सगळे ‘पीटी-हंड्रेड’ म्हणतात. पीटी म्हणजे प्लॅटिनम. हंड्रेड म्हणजे बर्फाच्या तापमानाला १०० ओहम. १०० अंशांना तोच रोध १३८.५ ओहम होतो. त्यात पारा नाही, काच असलीच तर केवळ आवरणापुरती. आत आहे ती तापल्यावर वीज अधिक अडवणारी एक बारीक तार.

हा धागा त्या तारेचा आहे. ती कधी खरे बोलते, कधी खोटे, आणि तिचे खोटे पकडायला माणसांना किती वर्षे लागली, त्याचा.

धातू तापला की त्यातून वीज कमी सुलभतेने वाहते, हे हम्फ्री डेव्हीने १८२१ मध्येच दाखवले होते. पण या गुणाचा तापमापक करावा, ही निकड निर्माण झाली ती एका जहाजाच्या पोटात. १८६० च्या सुमारास रंगून ते सिंगापूर या मार्गासाठी समुद्री तारायंत्राची केबल तयार झाली होती. रंगून तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारात होते आणि १८५७ नंतर लंडनला पूर्वेकडील बातमी लवकर हवी होती. ही केबल जहाजात वेटोळी करून ठेवलेली असताना ती आतून आपोआप तापू लागल्याची शंका आली. तांब्याच्या तारेभोवतीचे आवरण गटापर्चाचे होते, म्हणजे एका झाडाच्या चिकाचे; ते उष्णतेने मऊ होते. आवरण मऊ पडून तार सरकली, तर समुद्रतळाशी गेल्यावर ती केबल निरुपयोगी.

मैलोगणती वेटोळ्यांच्या मध्यभागी पाऱ्याचा तापमापक घालून वाचणार कसा? विल्यम सीमेन्स या जर्मनीत जन्मलेल्या व इंग्लंडात स्थायिक झालेल्या अभियंत्याने केबलच्या थरांमध्ये तारेची छोटी रिळे ठेवली, त्यांची टोके बाहेर आणली आणि बाहेर बसून रोध मोजला. वरचा थर थंड असताना आतले थर तापलेले आढळले. केबलवर पाणी ओतण्यात आले व ती वाचली. (ती केबल रंगूनला मात्र कधीच गेली नाही, माल्टा ते अलेक्झांड्रिया या मार्गावर ती टाकण्यात आली.)

सीमेन्सची महत्त्वाकांक्षा येथे थांबली नाही. तो पोलादाच्या भट्ट्यांचाही जाणकार होता, आणि भट्टीचे तापमान त्या काळी कारागिराच्या डोळ्यावर ठरे : लालबुंद, नारिंगी, पिवळसर, पांढरे. १८७१ मध्ये रॉयल सोसायटीपुढील बेकेरियन व्याख्यानात त्याने प्लॅटिनमच्या तारेचा भट्टीमापक मांडला. चिकणमातीच्या भाजलेल्या दांड्यावर तार गुंडाळलेली, वर लोखंडी नळी. कल्पना इतकी सुबक होती की तिची परीक्षा घेण्यासाठी ब्रिटिश असोसिएशनने समिती नेमली.

१८७४ मध्ये समितीचा अहवाल आला आणि तो प्रतिकूल होता. भट्टीत तापवून पुन्हा थंड केल्यावर तारेचा रोध मूळ आकड्यावर परतत नव्हता. प्रत्येक वापरानंतर तो वाढलेला दिसे. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. उपकरणातील विजेचे सारे गणित बरोबर होते. बदलला होता तो आरंभबिंदू. ज्या आकड्याशी तुलना करून ‘इतके अंश’ म्हणायचे, तोच सरकला तर पुढचे प्रत्येक वाचन चुकीचे, आणि तेही दिसायला अगदी बिनचूक. साधे बंद पडलेले यंत्र यापेक्षा बरे. ते निदान फसवत नाही. भट्टीमापकाची पत गेली आणि पुढची बारा वर्षे रोधाच्या तापमापकाकडे शास्त्रज्ञांनी जवळपास पाठ फिरवली.

ती पत परत आणणारा ह्यू कॅलेंडर तेव्हा तेवीस वर्षांचा होता. केंब्रिजमध्ये त्याने आधी ग्रीक-लॅटिनची पदवी परीक्षा पहिल्या वर्गात दिली, मग गणिताची. प्रयोगशाळेतील भौतिकशास्त्राची त्याला फारशी ओळख नव्हती. कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसनच्या हाताखाली तो आला आणि त्याने नेमका हा टाकून दिलेला विषय उचलला. १८८६ मध्ये त्याने रॉयल सोसायटीला जो निबंध सादर केला, त्याचे सार एका वाक्यात सांगता येते : दोष तारेचा नव्हता, तिच्या शेजाऱ्यांचा होता. लोखंडी नळीत तयार होणारे वायू मातीतील सिलिका फोडत, तिच्यातून सुटणारे सिलिकॉन प्लॅटिनममध्ये मिसळे आणि तार भेसळयुक्त होई. शुद्ध तार स्वच्छ जागी, ताण न पडता ठेवली, तर ती पुनःपुन्हा तापवूनही मूळ आकड्यावर परतते, हे त्याने हवेच्या तापमापकाशी ताडून दाखवले. पुढे मातीच्या जागी अभ्रक आले.

दुसरा दोष कमी नाट्यमय, पण कारखान्यात अधिक भेटणारा. तारेपासून मीटरपर्यंत जाणाऱ्या जोडतारांनाही रोध असतोच, आणि तो तापमापकाच्या रोधात निमूटपणे मिळून जातो. सीमेन्सने यासाठी तिसरी तार जोडण्याची युक्ती काढली. कॅलेंडरने मापकाच्या शेजारून तशीच दुसरी रिकामी जोडी नेऊन तिचा रोध वजा केला. आज चाकणमध्ये पीटी-हंड्रेडमधून दोनऐवजी तीन तारा बाहेर आलेल्या दिसतात, त्याचे मूळ या खटपटीत आहे. तीन तारा का, हा प्रश्न आयटीआयच्या तोंडी परीक्षेत हमखास शोभेल असा आहे.

चार्ल्स डार्विनचा मुलगा होरेस डार्विन याच्या केंब्रिज सायंटिफिक इन्स्ट्रुमेंट कंपनीने कॅलेंडरची नोंदयंत्रे विकायला काढली, आणि १९२७ च्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत उणे १९० ते ६६० अंशांपर्यंतचा प्रदेश प्लॅटिनमच्या तारेकडे सोपवण्यात आला. बदनाम तार प्रमाण ठरली.

आता पिंपरी. मोटारगाड्यांच्या आधी या पट्ट्याची ओळख औषधाने झाली, हे आज अनेकांच्या ध्यानात नसते. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांची छावणी आणि मुंबई-पुणे रस्त्यालगतची माळराने, अशा त्या पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स लिमिटेडची स्थापना झाली. यूनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांचे साहाय्य होते, आणि १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे, पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची. कारखाना या दोहोंच्या आधीचा.

पेनिसिलिन बनवणे म्हणजे एका लहरी बुरशीचा संसार सांभाळणे. बुरशीची वाढ ३० अंशांच्या आसपास जोमाने होते. पेनिसिलिन मात्र ती २५ अंशांच्या जवळ ठेवल्यास अधिक देते. शिवाय वाढणारी बुरशी स्वतः उष्णता सोडते, म्हणून किण्वनाच्या टाकीत थंड पाणी फिरवणाऱ्या नळ्यांची वेटोळी लागतात. वेटोळ्यात किती पाणी सोडायचे, ते तापमापक सांगेल त्यावर ठरते. तापमापक तीन अंश कमी दाखवू लागला, तर टाकी वरवर ठणठणीत दिसेल, बुरशीही फोफावेल, आणि हाती येणारे औषध घटेल. न्यूमोनियाच्या किंवा बाळंतरोगाच्या रुग्णापर्यंत पोहोचणाऱ्या कुप्यांची संख्या अशा एखाद्या सरकलेल्या आरंभबिंदूवर अवलंबून असे. (याच संस्थेत थिरुमलाचार यांना हॅमायसिन हे बुरशीनाशक ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना. गावाचे नाव लॅटिनात जाण्याचा मान फार थोड्या औद्योगिक वसाहतींना लाभला असेल.)

तारेचा पुढचा अवतार मात्र औषधाचा नव्हे, व्यसनाचा. धूर न काढता निकोटिनची वाफ ओढण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्टला १९६५ मध्येच मिळाले होते. ते बाजारात चालले नाही. २००३ मध्ये होन लिक या चिनी औषधशास्त्रज्ञाच्या रचनेपासून ई-सिगारेटचा आधुनिक इतिहास सुरू होतो. कापसात मुरलेला द्रव आणि भोवती तापणारी तार, म्हणजे कॉइल, एवढाच तिचा गाभा. द्रव संपला की कोरडा कापूस करपतो, आणि अतितप्त ग्लिसरीनपासून अ‍ॅक्रोलीनसारखी घातक द्रव्ये तयार होतात. २०१४ मध्ये इव्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीने यावर उपाय म्हणून जी चिप आणली, तिच्यात नवे काय होते? सीमेन्सची युक्ती. कॉइलचाच रोध मोजायचा, त्यावरून तिचे तापमान काढायचे आणि ठरावीक अंशाला वीज तोडायची.

नेहमीची कॉइल निक्रोम किंवा कँथलची असे. या मिश्रधातूंचा रोध तापल्यावर जेमतेम बदलतो, म्हणून ते येथे मुके. आधी निकेल आले, मग टायटॅनियम. टायटॅनियमचा रोध दर अंशाला मूळच्या सुमारे ०.००३५ पट वाढतो, प्लॅटिनमच्या ०.००३८५ शी हे चांगलेच जवळचे नाते. (ज्या इल्मेनाइटपासून हा धातू काढतात, ते रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे.) २० अंशांना अर्धा ओहम असलेली टायटॅनियमची कॉइल २२० अंशांना ०.८५ ओहम होते. यंत्र या ०.८५ ची वाट पाहते.

आणि येथे १८७४ चा अहवाल पुन्हा वाचावासा वाटतो, कारण या यंत्रांचे बिघाड जवळपास त्याच क्रमाने आले. पहिला, आरंभबिंदूचा. कॉइल नुकतीच वापरून ६० अंशांवर असताना यंत्राने तिचा रोध ‘थंड’ म्हणून नोंदवला, तर ते ०.५७ ओहमला २० अंश समजते. मग पडद्यावर २२० दिसेल तेव्हा कॉइल प्रत्यक्षात २८८ अंशांवर असेल. उपाय साधा : पूर्ण थंड होऊ देऊन मगच मूळ रोध नोंदवणे. दुसरा, जोडाचा. स्क्रू सैल राहून ०.०५ ओहम जास्तीचा शिरला, तर २२० च्या जागी २४०. तिसरा सीमेन्सच्या वाट्याला आला नव्हता, तो नव्या युगाचा : यंत्रात धातूची निवड चुकणे. पडद्यावर निकेल आणि आत टायटॅनियम असेल, तर हिशेब ३६० अंशांच्या पुढे जातो. तिन्ही बाबतींत चूक एकाच दिशेने होते, खरे तापमान दाखवलेल्यापेक्षा जास्त. जे उपकरण करपणे टाळण्यासाठी घेतले, तेच करपवते, आणि पडदा शांतपणे २२० दाखवत राहतो.

चौथा दोष तर थेट कॅलेंडरच्या वहीतला. नवी कॉइल कोरडीच लालबुंद करून पाहण्याची सवय जुन्या तारांबरोबर रुळली होती. टायटॅनियम तसे तापवले की हवेतील ऑक्सिजन त्यात शिरतो, पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर जाड होत जातो, पुढे पांढरी भुकटीही दिसू शकते, आणि रोध मूळ आकड्यावर परतत नाही. प्लॅटिनमला मातीने बिघडवले, टायटॅनियमला हवाच पुरते. प्रमाण तापमापकासाठी प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूचा आग्रह का धरला गेला, याचे उत्तर त्या भुकटीत आहे.

एक मूलभूत फरकही आहे. ओव्हनमध्ये तापवणारे वेगळे आणि तापमान सांगणारे वेगळे. येथे एकाच तारेकडे दोन्ही कामे. आरोपीनेच साक्ष द्यावी, तसे. शिवाय ती साक्ष सरासरीची असते : कॉइलचे एक वेटोळे कोरडे पडून फार तापले आणि बाकीची ओली राहिली, तर एकूण रोध बेताचाच दिसतो.

भारतात या प्रकरणावर १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने पडदा पडला. त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी आली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

चाकणच्या ओव्हनमधील तार आपल्या जागी आहे. तिची परीक्षा आजही प्रथम कुटलेल्या बर्फात घेतात : १०० ओहम आले पाहिजेत. उकळत्या पाण्यातील परीक्षेत मात्र नवशिक्या फसतो. पुस्तकात १०० अंशांना १३८.५ लिहिलेले असते आणि मीटर १३७.७ च्या आसपास थांबतो. तो तापमापक बदलायला निघतो. चाकण समुद्रसपाटीपासून सहाशेहून अधिक मीटर उंच आहे. तेथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, आणि तार ते बरोबर सांगत असते.