वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र : जडणघडण, सुविधा आणि घोडबंदर रोडवरील विद्यार्थी

प्रस्तावना :
१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने भारतीय राज्यघटनेत नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा समावेश झाला. विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन व शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे त्यांपैकी एक होय. हे कर्तव्य पाठ्यपुस्तकाबाहेर कोठे व कसे शिकविले जावे, या प्रश्नाचे एक उत्तर म्हणून मुंबईतील नेहरू विज्ञान केंद्राच्या इतिहासाकडे पाहता येते.

पार्श्वभूमी :
म्युनिकचे डॉईचेस म्युझियम (स्थापना १९०३) हे विज्ञान-तंत्रज्ञान संग्रहालयांचा आदर्श मानले जाते. त्याच धर्तीवर १९५९ मध्ये कलकत्ता येथे बिर्ला औद्योगिक व तांत्रिक संग्रहालय सुरू झाले. त्यानंतर बंगळूरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयाची भर पडली. ४ एप्रिल १९७८ रोजी राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषद ही स्वायत्त संस्था स्थापन होऊन ही संग्रहालये एका छत्राखाली आली.

महाराष्ट्रातही या काळात पोषक वातावरण होते. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये, तर होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. वरळीचे नेहरू तारांगण १९७७ मध्ये खुले झाले. तारांगण आणि विज्ञान केंद्र यांत अनेकदा गल्लत होते. वस्तुतः या दोन स्वतंत्र संस्था आहेत.

जडणघडण :
१९६० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विज्ञान व उद्योग यांचे संग्रहालय उभारण्याची कल्पना पुढे आली. तथापि १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या एक्स्प्लोरेटोरियमने जगभर नवा विचार रुजविला. काचेआडची वस्तू पाहण्यापेक्षा प्रयोग स्वतः करून पाहणे अधिक फलदायी, हा तो विचार. मुंबईची योजनाही हळूहळू संग्रहालयाकडून विज्ञान केंद्राकडे वळली. १९७७ मध्ये प्रकाश व दृष्टी या विषयावरील पहिले प्रदर्शन खुले झाले. १९७९ या आंतरराष्ट्रीय बालक वर्षात विज्ञान उद्यान साकारले. मुख्य केंद्राचे उद्घाटन ११ नोव्हेंबर १९८५ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. इमारतीचे वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे हे मूळचे कोकणातील आचऱ्याचे होत.

सुविधा :
सुमारे ८ एकरांच्या परिसरात झाडांच्या सावलीत विज्ञान उद्यान वसले आहे. तरफ, कप्पी, लंबक, ध्वनीचे परावर्तन ही तत्त्वे येथे मुले खेळता खेळता अनुभवतात. ‘हात लावू नये’ या पाटीची जागा येथे ‘हात लावून पहा’ या आवाहनाने घेतली आहे. आवारात भारतीय बनावटीचे एचएफ-२४ मरुत हे लढाऊ विमान, वाफेचे इंजिन व जुनी ट्रामही आहे. दालनांच्या जोडीला विज्ञान प्रात्यक्षिके, व्याख्याने व शिक्षकांसाठी प्रशिक्षण असे उपक्रम चालतात. परिषदेच्या पश्चिम विभागाचे हे मुख्यालय असून नागपूरचे रमण विज्ञान केंद्र (१९९२) व पणजीचे गोवा विज्ञान केंद्र (२००१) याच विभागात मोडतात.

घोडबंदर रोडच्या संदर्भात :
१८५३ मध्ये देशातील पहिली प्रवासी रेल्वे ठाण्यापर्यंत धावली. तंत्रज्ञानाच्या इतिहासात असे स्थान असलेल्या या शहराची वस्ती गेल्या काही दशकांत माजिवड्यापासून घोडबंदर रोडच्या दुतर्फा विस्तारली. येथील विद्यार्थ्याला वरळीस जायचे तर आधी रस्त्याने ठाणे स्थानक, तेथून दादर आणि पुढे गाडी बदलून महालक्ष्मी असा प्रवास करावा लागतो. परिणामी, वर्षातून एखादी शालेय सहल एवढ्यावरच संबंध संपण्याचा धोका असतो. प्रयोग पुनःपुन्हा करून पाहणे हा ज्या संस्थेचा गाभा, तेथे एकच भेट अपुरी ठरते.

या अडचणीचे उत्तर याच चळवळीच्या इतिहासात सापडते. १९६५ मध्ये कलकत्त्याच्या संग्रहालयाने फिरते प्रदर्शन सुरू करून विज्ञान खेड्यापाड्यांत नेले होते. तर पिंपरी-चिंचवडमध्ये महानगरपालिकेच्या सहभागातून सायन्स पार्क उभे राहिले.

निष्कर्ष :
नेहरू विज्ञान केंद्राची वाटचाल ही वस्तूंच्या संग्रहाकडून अनुभवाकडे झालेली वाटचाल आहे. तिचा पुढचा टप्पा महानगराच्या केंद्राकडून उपनगरांकडे असावयास हवा. त्याकरिता प्रत्येक वेळी भव्य वास्तूची गरज नाही. महाविद्यालयांनी आपल्या प्रयोगशाळांची दारे महिन्यातून एक दिवस परिसरातील शाळांसाठी उघडली, तरी घटनेने सांगितलेल्या कर्तव्याचे पालन घोडबंदर रोडवरच सुरू होऊ शकेल.