निकाहातला छुहारा, ओटीतली खारीक

खुतबा होतो, इजाब-कबूल होतो, दुआ संपते आणि मांडवात एकच गलका उठतो. छुहारे उधळले जातात, पोरं खुर्च्यांखाली शिरतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी खारीक, बदाम, मिसरीची पाकिटं हातात देतात. मला मात्र उधळणंच आवडतं.

छुहारा म्हणजेच आपली खारीक. नवी मुंबईत एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये ती गोणीने विकली जाते. हा घाऊक व्यापार पूर्वी मशीद बंदरला होता, 1990च्या दशकात इकडे आला. एकाच गोणीतली खारीक निकाहात जाते आणि ओटीतही. तिथे ती खण, नारळ, हळकुंड, सुपारीच्या शेजारी बसते. गोणीला धर्म नसतो.

पूर्ण पिकण्याआधीच खजूर उतरवून, उकळून, उन्हात कडक वाळवला की खारीक होते. ती महिनोन्‌महिने टिकते, म्हणून गलबतातून दूर जाऊ शकली. आखातातून आणि सिंधमधून ती पश्चिम किनाऱ्यावर येत राहिली. गोड, टिकाऊ आणि लांबून आलेली वस्तू शुभकार्यात मानाची ठरली, यात नवल नाही.

"हे दीनमध्ये आहे का?" असं विद्यार्थी विचारतात. निकाहाला इजाब-कबूल, साक्षीदार, मेहेर लागतात; खारकेवाचून काही अडत नाही. पण नुसत्या रिवाजालाही इतिहास असतो. कोरियात नवी सून सासरच्या वडीलधाऱ्यांना वाकून सलाम करते. मग ते सुकी लाल फळं आणि चेस्टनट उधळतात आणि नवरा-नवरी ते पसरलेल्या कापडात झेलतात. जितकी झेलली तितकी मुलं, असा समज. त्या फळाला तिथे 'देचू' म्हणतात. इंग्रजीत त्याला लाल खजूर म्हणत असले, तरी ते आहे आपल्या बोराच्या जातकुळीतलं. आपल्या शेजारच्या घरांत संक्रांतीला बोरन्हाण होतं, तेव्हा लहानग्याच्या डोक्यावरून बोरंच ओततात!

भारतात येणारी बरीचशी खारीक सिंधची, खैरपूर-सक्करकडची असायची. फेब्रुवारी 2019 मध्ये पाकिस्तानी मालावर 200 टक्के आयात शुल्क लागलं आणि खारकेचा भाव चढला, निकाहवाल्यांना आणि ओटीवाल्यांना सारखाच. मे 2025 मध्ये तर आयातच बंद झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, दुबईमार्गे आणलेल्या पाकिस्तानी खारकेचे कंटेनर न्हावाशेवा बंदरात जप्त झाले.

काही निकाहांत आता साधा खजूर वाटतात. ओटीत मात्र तो चालायचा नाही, खणाला चिकटतो.